स्थावर, जंगम आणि सोन्नलगीचे तळे

पौषातल्या एखाद्या पहाटे, शहराची वर्दळ सुरू होण्याआधी, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जो उभा राहील त्याला एकाच पाण्यात दोन वास्तूंची प्रतिबिंबे हलताना दिसतील. पाण्याच्या मध्यभागी शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे देवालय आणि त्यांची समाधी. काठाला लागून भुईकोट किल्ल्याचे काळे तट आणि बुरूज. एका वास्तूत आजही घंटानाद चालू आहे, दुसरीत किल्लेदाराची नौबत केव्हाच बंद पडून आता फुलझाडांची बाग उभी आहे. माझे बालपण या दोन छायांच्या मध्ये गेले. देवळाकडे जाताना हात आपोआप जोडले जात आणि किल्ल्याकडे जाताना छाती उगाचच पुढे येई. परंतु दोन्ही ठिकाणी दगड तोच, याच मुलखातला काळा पाषाण, ही गोष्ट ध्यानात यायला पुष्कळ वर्षे जावी लागली. ती ध्यानात आल्यापासून एक प्रश्न माझ्याबरोबर राहिला आहे. दगड एकच असता एका दगडापुढे आपण नम्र का होतो आणि दुसऱ्यापुढे केवळ कुतूहलाने का थांबतो? स्थळाचे पावित्र्य त्या शिळेत असते, शिळेभोवती सांगितल्या जाणाऱ्या कथेत असते, की या दोहोंच्या पलीकडे आणखी कोठे असते?

प्रश्न केवळ विद्वत्चर्चेचा असता तर मी तो तर्कशास्त्र्यांच्या स्वाधीन केला असता. परंतु ज्या गावात देवळे, दर्गे, वाडे आणि वेशी पावलोपावली उभ्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीला एकतरी आख्यायिका चिकटलेली आहे, त्या गावातल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. आख्यायिका खरी की खोटी, असे मुले विचारतात, आणि वडीलधाऱ्यांना काहीतरी उत्तर द्यावेच लागते.

गावाच्या नावाचीच गोष्ट घ्या. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, असे आम्हांला लहानपणी सांगत, आणि आम्ही बोटांवर ती सोळा गावे मोजू पाहत असू. पुढे शिलालेखांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसून आले, की कल्याणीच्या कलचुरींच्या काळापासून यादवांच्या अखेरीपर्यंत या गावाला सोन्नलगे, अर्थात सोन्नलगी, असे म्हणत. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ च्या संस्कृत लेखात ते सोनलीपूर झाले आहे. किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर आणि तेथल्याच विहिरीवरील लेखात संदलपूर. सोनलपुरातील नकार लोकांच्या जिभेवर झिजत जाऊन सोलापूर उरले असावे, असा अभ्यासकांचा अभिप्राय आहे. सोळा गावांची गोष्ट अशा रीतीने खोडली गेली, आणि खोडली गेली तर तिला निरोप द्यावा हेच योग्य. ज्या धर्माला सत्य हे ईश्वराचे नाव वाटते त्या धर्माने पुराव्याला भिऊ नये. श्रद्धेच्या नावाखाली ताम्रपट आणि दफ्तरे यांच्याकडे पाठ फिरवणारा मनुष्य देवाचे रक्षण करीत नसून आपल्या सवयीचे रक्षण करीत असतो, असे माझे मत आहे.

परंतु सर्वच कथा नावाच्या व्युत्पत्तीसारख्या नसतात. काही कथांना ‘हे घडले काय?’ असे विचारले तर दफ्तर मौन धारण करते, आणि ‘ही आमच्याकडून काय मागते?’ असे विचारले तर ती बोलू लागते. सिद्धरामाची कथा या दुसऱ्या प्रकारची आहे.

बाराव्या शतकात याच सोन्नलगीत मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मास आले. राघवांक या कानडी कवीने पुढच्या शतकात ‘सिद्धराम चरित्र’ रचले; परंतु त्यातील बालपणाचा प्रसंग ज्याने ग्रंथ कधी पाहिला नाही त्या सोलापूरकरालाही मुखोद्गत असतो. अबोल, काहीसा मंद भासणारा तो मुलगा रानात गुरे राखीत असता एक जंगम त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. नाव विचारता ‘मल्लय्या’ म्हणाला, आणि हुरडा मागितला. मुलाने कोवळी कणसे भाजली, हातावर चोळली, फुंकर घालून कूस उडवली आणि तो हिरवा, गरम, दुधाळ हुरडा पाहुण्याच्या ओंजळीत घातला. ज्वारीच्या या मुलखात राहणाऱ्या कोणालाही त्या घासाची चव सांगावी लागत नाही. हुरड्याने पोटात आग पडली, आता दहीभात हवा, असे जंगम म्हणाला. मुलगा घराकडे धावत सुटला, आणि दहीभात घेऊन परतला तेव्हा शेतात कोणी नव्हते. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारीत तो रानोमाळ फिरला. श्रीशैलाला निघालेले यात्रेकरू भेटले. मल्लय्या तेथेच असतो, चल, असे म्हणून त्यांनी त्याला बरोबर घेतले. मल्लिकार्जुनाच्या गाभाऱ्यात नेऊन त्यांनी ज्योतिर्लिंग दाखविले आणि सांगितले, हाच तुझा मल्लय्या. मुलाने लिंगाकडे पाहिले आणि मान हलविली: हा नव्हे, माझ्या हातचा हुरडा ज्याने खाल्ला तो मला पाहिजे. आणि मग तो कड्याच्या टोकाशी गेला, खोल दरीत त्याने स्वतःला लोटून दिले, तेव्हा कोठे मल्लिकार्जुनाने त्याला वरच्या वर झेलले.

या प्रसंगातील सर्वांत विलक्षण गोष्ट चमत्काराची नाही. एक गुराखी मुलगा बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकासमोर उभा राहून त्याला ओळख देण्याचे नाकारतो, आणि त्या नकाराबद्दल कथा त्याला पाखंडी ठरवीत नाही. भुकेलेला होऊन जो दारी आला, ज्याच्या तोंडात मी घास घातला, तो देव. दगडाला तसा मी कसा मानू, असा त्या बालकाचा निर्मळ युक्तिवाद आहे, आणि कथेतल्या प्रत्यक्ष देवाला तो पटला आहे.

आता पुढची गोष्ट पहा. मल्लिकार्जुनाने त्याला आज्ञा केली, परत जा आणि सोन्नलगीचे दुसरे श्रीशैल कर. सिद्धराम परत आले, आणि ज्याने श्रीशैलीचा दगड नाकारला होता त्याने गावाभोवतीच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. अष्टविनायक बसविले, अष्टभैरव बसविले, देवालय उभारले आणि सहस्रावधी हातांकडून हे तळे खोदून घेतले. बालपणीच्या नकाराशी हे सुसंगत आहे काय? पुष्कळ दिवस मला ही विसंगतीच वाटत असे. आज वाटत नाही. परंतु त्याचे कारण सांगण्याआधी ज्याने ही विसंगती सिद्धरामांच्या तोंडावर बोलून दाखविली, त्या अल्लमप्रभूंची भेट सांगितली पाहिजे.

‘शून्यसंपादने’ या पंधराव्या शतकातील कानडी ग्रंथाने ही भेट मोठ्या तन्मयतेने वर्णिली आहे. तळ्याचे खोदकाम ऐन भरात असता अल्लमप्रभू तेथे आले आणि कामावरच्या लोकांना त्यांनी विचारले, तुमचा तो ओड्ड सिद्धराम कोठे आहे? ओड्ड म्हणजे आपला वडार, माती उकरणारा आणि दगड फोडणारा. आपल्या गुरूंचा असा उल्लेख ऐकून लोक खवळले. हाती होते तेच दगड त्यांनी अल्लमांवर भिरकावले, आणि ग्रंथ म्हणतो की त्या दगडांनी अल्लमांना इजा न होता त्यांचा नुसता ढीग झाला. सिद्धराम क्रुद्ध होऊन धावत आले, संवाद झाला, आणि त्या संवादात अल्लमांनी जे विचारले त्याचा मथितार्थ असा: तू जमीन खोदतोस, स्वतःला केव्हा खोदणार? देवळे बांधून आणि तळी भरून जे पुण्य साठते त्याचाही अहंकार होतो. तो अहंकार कोणत्या तळ्यात बुडविणार?

वीरशैव विचारात स्थावर आणि जंगम असे दोन शब्द आहेत. जे एका ठिकाणी स्थिर झाले, म्हणजे देऊळ, मूर्ती, स्थापिलेले लिंग, ते स्थावर. जे चालते, बोलते, भुकेले होते, ते जंगम. स्थावर कधी ना कधी ढासळणार, जंगमाला नाश नाही, ही बसवण्णांची शिकवण. आणि म्हणूनच शरणांनी, म्हणजे त्यांच्या पंथाच्या भक्तांनी, गाभाऱ्यातले लिंग तळहातावर घेतले, इष्टलिंग करून गळ्यात बांधले, म्हणजे माणूस जाईल तेथे देऊळ जाऊ लागले. जंगम या शब्दाचे सामर्थ्य लक्षात घ्या: हुरडा मागायला आलेला तो पाहुणा जंगमच होता. अल्लमांनी सिद्धरामांना नवे असे काहीच सांगितले नाही. श्रीशैलीच्या गाभाऱ्यात मान हलविणाऱ्या त्या मुलाची त्यांनी प्रौढ सिद्धरामांना आठवण करून दिली. सिद्धराम त्यांच्यासमवेत कल्याणला गेले, अनुभवमंटपात शरणांमध्ये बसले, चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली, आणि परंपरा त्यांना शून्यसिंहासनाच्या अधिपतींमध्ये गणते.

येथे कथा संपली असती तर स्थावर हरले आणि जंगम जिंकले, असा सरळ निकाल देता आला असता. परंतु ज्यांना अल्लमांनी माती सोडायला लावली, असे आपण म्हणू, त्या सिद्धरामांची समाधी त्याच मातीत, स्वतः खोदविलेल्या तळ्याच्या मध्यभागी आहे. तळे बुजविले गेले नाही आणि अडुसष्ट लिंगांतील एकही उखडले गेले नाही. मला यातून असे समजते, की अल्लमांचा आक्षेप फावड्यावर नव्हता, फावडे मारणाऱ्याच्या मनात साचणाऱ्या गाळावर होता. तळे हे स्थावर खरे; परंतु त्यात भरते ते पाणी वाहते आहे, आणि ते ज्याच्या घशाखाली उतरते तो तहानलेला चालताबोलता जंगम आहे. हुरडा मागणारा मल्लय्या पुन्हा दारी आला तर त्याला घासाबरोबर घोटभर पाणीही मिळावे, एवढ्यासाठी ज्याने तळे खोदले त्याने आपला बालपणीचा नकार मोडला नाही, उलट गावाच्या कारणी लावला. दगड नाकारणाऱ्यानेच दगड रचले, कारण दगड कोणासाठी रचायचा हे आता त्याला कळले होते. आणि म्हणून ‘वडार’ हा जो शब्द अल्लमांनी डिवचण्यासाठी उच्चारला, तो आज मला सिद्धरामांच्या सर्व बिरुदांमध्ये थोर वाटतो.

आता दुसऱ्या छायेकडे वळू. किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटबंदीचा. त्याच्या भिंतींतून हिंडताना मध्येच एखादा कोरीव दगड उलटासुलटा बसविलेला आढळतो. कमळाची पाकळी जमिनीकडे तोंड करून असते. आणि मनात येते की हा पाषाण पूर्वी कोठल्यातरी मंडपात होता. किल्ल्याच्या आतही जुन्या देवालयाचे अवशेष उघडे पडले आहेत. सत्ता आपले स्थावर उभारताना दुसऱ्याचे स्थावर मोडून घेते, ही गोष्ट कोणत्याही एका धर्माच्या राजांपुरती नाही. जगभर राजवाड्यांच्या पायांत जुनी देवळे आणि देवळांच्या पायांत त्याहूनही जुनी देवळे गाडलेली आहेत. या किल्ल्याचे पुढचे चरित्र एखाद्या दागिन्याच्या चरित्रासारखे आहे. १५२४ च्या सुमारास विजापूरची शाहजादी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली तेव्हा हा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून द्यावयाचे ठरले. तो दिला गेला नाही, आणि त्यावरून दोन्ही दरबारांत लढाया जुंपल्या. पुढे १५६५ च्या राक्षसतागडीच्या संग्रामापूर्वी निजामशाहीची कन्या चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने आंदण गेला. पुढे मोगल आले, निजाम आला, पेशवाई आली. आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये याच जिल्ह्यातील आष्टीच्या माळावर बापू गोखले पडल्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात जनरल मन्रोने वेढा घालून किल्ला इंग्रजांच्या ताब्यात घेतला. तहनामे बदलले, सनदा बदलल्या, निशाणे बदलली. दगड होता तेथेच राहिला. परंतु त्याच्यासाठी आज कोणी पहाटे उठत नाही. ज्या स्थावराचे जंगम निघून गेले ते असे दिसते.

तरीही किल्ल्याची एक कथा लोकांनी टाकली नाही, आणि ती कोणा सुलतानाची नाही. एका बुरुजाला बाळंतिणीचा बुरूज म्हणतात. बांधकाम उभे राहीना, पुन्हा पुन्हा खचू लागले, तेव्हा एका बाळंतिणीला त्यात चिणले, असे जुनी माणसे आवाज खाली आणून सांगतात. अशा कथा पुष्कळ किल्ल्यांच्या आणि पुलांच्या बाबतीत सांगितल्या जातात, म्हणून चिकित्सक तिला शब्दशः मानणार नाही, आणि मीही मानीत नाही. परंतु ती निर्माण का झाली हे मला समजते. प्रचंड भिंतीखाली कोणीतरी निश्चित चिरडले गेले आहे, ज्याचे नाव कोणत्याही जाबत्यात नाही, ही जनतेची खात्री आहे. आणि त्या खात्रीने एका निनावी आईच्या रूपाने देह धारण केला आहे. तारीख, इसम, मौजे, सगळे बाजूला ठेवले तरी या कथेतील दुःख खोटे ठरत नाही.

त्याचा पुरावा हवा असेल तर फार दूर जावे लागत नाही. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्यास १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि वेठीस धरलेल्या कामकऱ्यांबरोबर संत चोखामेळा तिच्याखाली गाडले गेले. संतपरंपरा सांगते, की नामदेव तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटत होते त्या चोखोबांच्या, म्हणून ओळखून त्यांनी वेचल्या आणि पंढरीस महाद्वारापाशी त्यांना समाधी दिली. महाद्वारापाशी, म्हणजे दाराबाहेर. ज्याच्या हाडांतून देवाचे नाव निघत होते त्याच्या ज्ञातिबांधवांना त्या दारातून आत जाण्याची परवानगी नव्हती. सहाशे वर्षे वारकरी त्या समाधीला नमस्कार करून आत जात राहिले, कथा भक्तिभावाने सांगत आणि ऐकत राहिले, आणि दार बंदच राहिले. शेवटी मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा दार उघडले.

या प्रसंगापाशी मी पुष्कळ वेळा थांबतो, कारण माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला येथे मिळाले. चोखोबांची कथा सहाशे वर्षे जिवंत होती, परंतु ऐकणाऱ्यांनी ती केवळ कानांनी ऐकली. कथा मनुष्याला रडवू शकते आणि रडून हलका झालेला मनुष्य पूर्ववत वागू शकतो. किंबहुना कथेचा मोठा धोका हाच आहे, की ती कर्तव्याची जागा घेते. साने गुरुजींनी कथेत नवे काहीच घातले नाही. ती आपल्याकडून काय मागते, एवढे त्यांनी ऐकले आणि मागितलेले देऊ केले. त्या मे महिन्यात चोखोबांची समाधी पूर्वी कधी नव्हती इतकी पवित्र झाली, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

उरलेले निम्मे उत्तर संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा देते. लोककथा अशी: सिद्धरामांच्या अंगणात एक कुंभारकन्या रोज सडा घालून रांगोळी काढीत असे, तिने त्यांच्याशी विवाहाची इच्छा दर्शविली, योगी असल्यामुळे त्यांना ते शक्य नव्हते, परंतु तिला विन्मुखही पाठवावयाचे नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाह लावण्यास सांगितले. तो विवाह सोलापूर दर वर्षी लावते. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून मानाचे सात नंदीध्वज, आमच्या भाषेत काठ्या, निघतात. प्रत्येक काठीचा मान वेगवेगळ्या समाजांकडे वंशपरंपरेने चालत आलेला आहे. पहिल्या दिवशी या काठ्या सिद्धरामांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी जातात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याशी अक्षता पडतात. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम पेटतो. पुढे शोभेचे दारूकाम होते.

तैलाभिषेकाचा दिवस मला सर्वांत प्रिय आहे. अडुसष्ट लिंगांपैकी काही देवळात आहेत, काही गल्लीच्या वळणावर, काही आता दाटीच्या वस्तीत गुंतून गेलेली. एरवी शेजारून सायकली आणि रिक्षा जातात आणि कोणाचे लक्षही नसते. त्या दिवशी मात्र सकाळपासून ओटा धुऊन रांगोळी घातलेली असते. दुरून ‘हर्र बोला हर्र’ असा घोष ऐकू येतो, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांचा लोंढा वळणावर दिसू लागतो, आणि त्यांच्या डोक्यांवर, घरांच्या गच्च्यांच्याही वर, ती उंच काठी डुलत येते. कमरेशी पेललेल्या त्या काठीचा तोल एकटा माणूस सांभाळीत असतो. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या, ओठ घट्ट मिटलेले, नजर वर शेंड्याकडे. तो थकला की दुसरा पुढे सरतो, आणि या हातातून त्या हातात जाताना क्षणभर सगळी गल्ली श्वास रोखून धरते. मग लिंगावर तेल पडते. वर्षभराच्या धुळीने करडा झालेला पाषाण बघता बघता काळाभोर, ओला, जिवंत होतो. एका वर्षी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी ओट्यावरून ओघळणाऱ्या तेलाला बोट लावून ते नातवाच्या टाळूवर चोळले आणि त्याला कानडीत काहीतरी सांगितले. मी विचारले, आजी, काय सांगितलेत? त्या मराठीत म्हणाल्या, “काय सांगू बाबा, म्हटलं हे आपल्या गल्लीचं लिंग हाय, पुढल्या वर्षी तू धुवायचं.”

माझ्या प्रश्नाची उकल त्या एका वाक्यात आहे. त्यांनी नातवाला लिंगाचे माहात्म्य सांगितले नाही, नवस सांगितला नाही, काम सांगितले. योगदंड ही चालणाऱ्या माणसाची वस्तू. काठीच्या रूपाने तो दंड दर वर्षी अडुसष्ट स्थावरांना भेटायला जातो, आणि त्या भेटीने स्थावरांत पुन्हा प्राण येतो. काठी थांबली तर लिंगे दगड होतील. लिंगे नसतील तर काठीला जावयाचे कोठे हे कळणार नाही. जपानात ईसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात आणि तरीही ते प्राचीन मानले जाते, कारण तेथे प्राचीनत्व लाकडात मोजत नाहीत, बांधण्याच्या कृतीत मोजतात. आमच्या गावाने तीच गोष्ट आपल्या पद्धतीने केली आहे. अक्षता पडताना ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ असा जो घोष लक्षावधी कंठांतून उठतो, तो मी आता असा ऐकतो: हे सत्य आहे, कारण आम्ही ते आज पुन्हा करीत आहोत.

स्थळ देवाचेच असले पाहिजे, असेही नाही. शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय ध्वज चढला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, आणि सरकारने येथे लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावर खटला चालवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास त्यांना फाशी देण्यात आले. ही आख्यायिका नाही. तिचे कागद सरकारी दफ्तरात आहेत. परंतु कागद असल्यामुळे तिचे मागणे कमी झाले, असे कोणी समजू नये. लिंगायत, मारवाडी, मुसलमान आणि मराठा अशा चौघांना एकाच दिवशी एकाच दोरखंडाने बांधून टाकणारी ती घटना, गड्ड्याच्या तोंडावर दर वर्षी आम्हांला विचारते, की तुमच्या वेगवेगळ्या पेठांतून तुम्ही त्या एकजुटीचे काय केलेत. पुतळ्याला हार घालून उत्तर देता येत नाही. आणि येथे सिद्ध झालेल्या इतिहासाची आणि न सिद्ध होणाऱ्या आख्यायिकेची जात एक होते: दोन्ही आपल्याकडून आचरण मागतात.

सोलापूरच्या दक्षिणेला भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. कुडल या कानडी शब्दाचा अर्थच संगम. तेथल्या संगमेश्वराच्या मंदिरातील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, चा लेख सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला, आणि मराठी भाषेच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. त्याच्या मराठी ओळीचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. बांधणाऱ्याने आपला जयजयकार कोरला नाही. नंतर येणाऱ्या वाचकाला विजय देऊ केला. हजार वर्षांपूर्वीचा तो अज्ञात मनुष्य स्थावर दगडावर अक्षरे कोरीत होता, परंतु त्याची सगळी भिस्त अजून जन्माला न आलेल्या एका जंगमावर होती. वाचणे म्हणजे काय, हे मात्र त्याने आपल्यावर सोडले.

माझ्यापुरता मी त्याचा अर्थ असा लावला आहे. पहाटे तळ्याकाठी मी अजूनही जातो. पाण्यात दोन्ही वास्तूंच्या छाया असतातच. परंतु आता माझी नजर काठाशी जाते, जेथे निर्माल्य, फुटकी मडकी आणि शहराचा गाळ साचत राहतो. आठशे वर्षांपूर्वी ज्यांनी येथे पाटीपाटीने माती वाहिली त्यांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. त्यांचा लेख म्हणजे हे तळे. ते वाचायचे असेल तर हात जोडून झाल्यावर बाह्या सरसावल्या पाहिजेत, पायऱ्या उतरून पाण्यात गुडघाभर उभे राहिले पाहिजे, आणि गाळाची पहिली पाटी आपल्या हातांनी काठावर आणून ठेवली पाहिजे.